आजींचा झाडांचा सण आणि आमचा फळहार



मी परळहून बोलते आहे. लालबाग, परळ, दादर, गिरगाव या पट्ट्यातल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम मी करते. मागच्या वेळी मसाल्याच्या पॅकिंगवर बोलले, तेव्हा तुमच्यापैकी काहीजणींनी निरोप पाठवला की, ताई, मसाला आम्हाला येतो, दागिने शिकवायचे तर शिकवा. निरोप बरोबर होता. म्हणून आज दागिन्यांवर बोलते. पण त्यात एक सण येणार आहे, एक आजी येणार आहेत आणि आमच्या गटाचं झालेलं नुकसानही येणार आहे. ते वगळून सांगितलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

सुरुवात म्युझियममधून झाली. काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, मुंबईला आलेल्या बऱ्याचजणींनी ते बाहेरून तरी पाहिलं असेल. २०२३ च्या डिसेंबरात तिथे भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम इथल्या जुन्या शिल्पांचं प्रदर्शन लागलं होतं. आमच्या गटातल्या सहाजणींना घेऊन मी गेले. खरं तर मला त्यांना एक दिवस घराबाहेर काढायचं होतं, इतकाच हेतू. परत येताना बसमध्ये एकीच्या मुलीने मोबाईलवर इजिप्तच्या दागिन्यांची चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि सगळ्या जणी तिच्या डोक्यावर वाकल्या.

इजिप्त म्हणजे पिरॅमिडचा देश, नाईल नदीचा. तिथे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी बायका आणि पुरुष दोघंही गळ्यात एक रुंद हार घालत. अर्धचंद्रासारखा, गळ्यापासून खांद्यापर्यंत पसरलेला, मण्यांच्या ओळींवर ओळी. त्याला ते वेसेख म्हणत. सोनं, लाल अकीक, निळा लाजवर्द असे खडे श्रीमंतांच्या हारात. लाजवर्द तर थेट अफगाणिस्तानातून तिकडे जायचा. पण सगळ्यांना कुठलं परवडायला? म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. गारगोटीची पूड, थोडा चुना, थोडा खार आणि रंगासाठी तांबं असं मिसळून मणी वळायचे आणि भट्टीत भाजायचे. भाजताना वर आपोआप काचेसारखं निळं-हिरवं आवरण यायचं. त्याला फायान्स म्हणतात. म्हणजे त्या काळचे खोटे दागिनेच की! आमच्या लालबागच्या मावशी लगेच म्हणाल्या, "बघा, इमिटेशनचा धंदा किती जुना आहे."

मला मात्र दुसरीच गोष्ट आवडली. १९२२ साली तुतनखामुन नावाच्या तरुण राजाची कबर सापडली, त्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. सोन्याचा मुखवटा सगळ्यांना माहीत असतो. पण त्या राजाच्या अंत्यविधीतल्या वस्तूंमध्ये खऱ्या फुलांचे, पानांचे, फळांचे हारही मिळाले. कागदासारख्या पपायरसच्या पट्टीवर पानं-फुलं टाकून शिवलेले, मध्ये मध्ये निळे मणी. सव्वातीन हजार वर्षं सुकून राहिलेले. म्हणजे ते मण्यांचे रुंद हार आणि फुलांचे हार एकाच घराण्यातले. कमळाच्या पाकळ्या, खजुराची फळं, निळी रानफुलं यांच्या आकाराचे फायान्सचे मणीही त्यांनी केले होते.

आता आपल्याकडे बघा. बोरमाळ, चिंचपेटी, जोंधळी पोत, तांदळी पोत, चाफेकळी, बकुळीहार, कोयरी, कानातल्या लवंगा. नावं नुसती म्हटली तरी परसू आणि शेत डोळ्यांसमोर येतं. आपल्याही बायकांनी जे झाडाला लागतं, कणसात भरतं, तेच सोन्यात करून घेतलं. इजिप्तचे लोक शेणकिड्याला फार मानत, तो शेणाची गोळी ढकलतो तशी देवता सूर्याला ढकलते असं म्हणून त्याचे ताईत करत. हे ऐकून आमच्याकडे हशा पिकला. मग कोल्हापूरकडच्या एका वहिनींनी त्यांच्या साजातलं भुंग्याचं पान दाखवलं आणि हसणं थांबलं.

तर ठरलं की असा हार करायचा. आता तो कसा केला ते नीट सांगते, कारण तुम्हाला तेच हवं आहे.

पाया बक्रमचा. शिंप्याकडे कॉलरमध्ये घालतात ते कडक कापड. त्याचा अर्धचंद्र कापायचा, वरचा गोल आपल्या गळ्याच्या मापाचा. त्यावर खणाचा तुकडा चढवायचा. गिरगावातल्या एका शिंपीण ताईंकडून आम्हाला खणाच्या चिंध्या फुकट मिळाल्या, तुमच्याकडेही ब्लाऊज शिवणाऱ्या असतीलच. नळीसारखे मणी कागदाचे करायचे. जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद घ्या, बोटभर रुंद पट्ट्या कापा, विणायच्या बारीक सुईवर घट्ट गुंडाळा आणि शेवटाला डिंक लावा. पट्टी सरळ असली तर नळी होते, निमुळती त्रिकोणी असली तर पोट फुगलेला मणी होतो. हे मणी वजनाला हलके, त्यामुळे चार ओळी घातल्या तरी मान दुखत नाही.

खालच्या ओळीत लोंबणारे आकार मातीचे करतात, पण चाळीत भट्टी कुठून आणणार? म्हणून आम्ही कॉर्नफ्लोअरची माती केली. एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी फेविकॉल, दोन चमचे तेल, दोन चमचे व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस. मंद आचेवर सतत ढवळायचं, पिठलं आटत जातं तसं ते आटतं, आणि भांडं सोडून गोळा झाला की उतरवायचं. कोमट असताना हाताला तेल लावून मळायचं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं, नाहीतर वरून सुकतं. एक सांगते, त्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. टाकाऊ भांडं घ्या आणि त्यावर खूण करून ठेवा. आकार केला की ओला असतानाच टाचणीने भोक पाडा. सावलीत दोन-तीन दिवस सुकवा. सुकताना आकार थोडा लहान होतो, म्हणून जरा मोठाच करायचा.

इजिप्तचे हार जड असत आणि पुढे घसरत, म्हणून ते पाठीवर वजनाचा एक लोलक सोडत. आपल्या ठुशीला मागे गोफ आणि गोंडा असतो, आम्ही तोच लावला. काम झालं.

२०२४ च्या दिवाळीआधी दादरच्या एका दुकानदाराने आमचा नमुना बघितला आणि ४० हारांची मागणी दिली. एका हाराला ३०० रुपये. सामानाला हाराला ८० रुपये येत होते, म्हणजे ३,२०० रुपये. ते आम्ही गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज म्हणून उचलले. सहाजणी तीन आठवडे रोज दुपारी बसल्या. डोळा, बहिरी ससाण्याचं तोंड, भुंगा, कमळ, अगदी चित्रांसारखं हुबेहूब केलं. निळा रंग तर इतका सुंदर आला की, आमच्या काकूंनी एक हार उशाशी घेऊन झोपल्याचं कबूल केलं.

दिवाळी झाली आणि २३ हार परत आले. घामाने रंग सुटत होता. एका गिऱ्हाइणीच्या मोती रंगाच्या साडीवर निळा ओघळ उतरला, ती दुकानात येऊन भांडली. दुकानदाराचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. ऑक्टोबरची मुंबई तुम्हाला माहीत आहे. चूक माझी होती. मी पावडरचा स्वस्त रंग आणला होता, कारण तो वजनावर मिळतो आणि भरपूर पुरतो. वरून वार्निश मारायचं ठरलं होतं, ते वेळ नाही म्हणून मीच राहू द्या म्हटलं.

१७ हार विकले गेले, त्याचे ५,१०० रुपये आले. त्यातून बचतीचे ३,२०० परत भरले. उरले १,९००. सहाजणींत वाटले तर प्रत्येकीला ३१६ रुपये आणि वर थोडे पैसे. तीन आठवड्यांच्या कामाचे! त्या दिवशीच्या बैठकीत एका बाईंनी सरळ विचारलं, "रंग कोणी आणला? नुकसान त्यांनी भरावं." खोलीत कोणी बोलेना. मी समन्वयक, मला मानधन मिळतं, त्या मणी वळून दिवसाची मजुरी धरून बसलेल्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी इतिवृत्ताच्या वहीत माझ्या हाताने लिहिलं की, रंगाची निवड समन्वयकाची, वार्निश न लावण्याचा निर्णय समन्वयकाचा, आणि पुढच्या दुरुस्तीचं सामान ती स्वतःच्या पैशाने आणेल. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तुमच्या गटातही असा प्रसंग येईल तेव्हा वहीत लिहा. तोंडी राहिलं की ते चार वर्षं स्वयंपाकघरात शिजत राहतं.

त्या २३ हारांचं काय करायचं हा प्रश्न होताच. सात रस्त्याजवळ आमच्या एका सदस्येची खोली आहे. तिच्या गॅलरीत आम्ही ते हार पसरून बसलो होतो, पॉलिश पेपरने रंग घासत. शेजारच्या आजी बाहेर आल्या. वय ८० च्या वर, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, शुद्ध मराठी, चुका काढण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यांनी चष्मा लावला, एक हार उचलला आणि म्हणाल्या, "हे तर मिसरचे दागिने."

आजी बेने इस्रायल आहेत. तुमच्यातल्या रायगडकडच्या बायकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. हे आपले मराठी ज्यू. त्यांच्यात अशी परंपरा सांगतात की, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची ही प्रजा. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं बघा, किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ साली शमुवेल दिवेकरांनी मांडवीला बांधलं, त्यांच्याच नावाने तिथे शमुवेल स्ट्रीट आहे. वरळीच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर होते, तेही याच समाजाचे. १९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, तरी तिकडे जाऊन त्यांनी मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक काढलं. आजींची दोन्ही मुलं तिकडेच आहेत. आजी गेल्या नाहीत. का, ते मी विचारलं नाही.

मला थोडं अवघडल्यासारखं झालं. त्यांच्या धर्मग्रंथात लिहिलं आहे की, त्यांचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते, राजासाठी विटा थापत होते. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला हे दागिने आवडणार नाहीत." त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, तिथून निघायच्या वेळी आमच्या बायकांनी शेजारणींकडून सोन्या-चांदीचे दागिने मागून घेतले, असंच पुस्तकात आहे. रिकाम्या हाताने नाही निघालो. फक्त हा डोळा आणि हे पाखराचं तोंड, ही त्यांच्या देवांची चिन्हं आहेत. ती माझ्या गळ्यात चालायची नाहीत. बाकी फुलं-फळं कोणाची नसतात?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी आता प्रत्येक बैठकीत सांगते. वाटेत रानात लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजायचं ठरवलं आणि त्यासाठी दागिने गोळा करायला लागले. त्यांच्या जुन्या आचार्यांनी सांगून ठेवलं आहे की, बायकांनी तेव्हा दागिने द्यायला साफ नकार दिला. नवऱ्यांनी स्वतःचे काढून दिले. आमच्या बैठकीत हे ऐकल्यावर एक वहिनी म्हणाल्या, "त्या बायकांना आमच्या गटाचं सदस्यत्व द्या." घरातला दागिना नवऱ्याच्या धंद्यासाठी गहाण पडलेला असतो अशा किती जणी आपल्यात आहेत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर आजींच्या बोलण्यावरून डोळे आणि ससाणे काढून टाकायचे ठरले. त्या जागी काय? आजींनीच यादी दिली. गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, खजूर. त्यांच्या ग्रंथात त्यांच्या देशाची म्हणून ही सात पिकं सांगितली आहेत. म्हणाल्या, "फेब्रुवारीत आमचा झाडांचा सण आहे. तेव्हा घालण्यासारखे १२ हार मला द्या. रंग गेला तर पैसे मिळणार नाहीत."

या वेळी आम्ही अ‍ॅक्रिलिक रंग घेतला. दोन हात रंगाचे, मध्ये एक दिवस सोडून, मग दोन दिवस वाळवून वार्निशचे दोन हात, पुढून आणि मागून, भोकाच्या आतसुद्धा. भोकात वार्निश जायला काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळायचा. मग परीक्षा. ओल्या पांढऱ्या फडक्याने मणी वीस वेळा चोळायचा. फडकं पांढरं राहिलं पाहिजे. त्यानंतर आमच्यातल्या एकीने हार घालून परळ ते विरार आणि परत असा दिवसभर प्रवास केला, सकाळच्या गर्दीच्या लोकलने. यापेक्षा कडक परीक्षा मला सुचत नाही. जव आणि गहू तांदळी पोतीसारखे बारीक केले, डाळिंबाला वर छोटा मुकुट काढला. ऑलिव्ह कोणी पाहिलंच नव्हतं, आजींनी बाटलीतलं दाखवलं. चव घेतल्यावर काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी एका ओळीत चिंच आणि बोर घालायची परवानगी आम्ही मागून घेतली. आजी म्हणाल्या, घाला, आम्ही इथलेच आहोत.

आता सणाबद्दल. त्याचं नाव तू बिश्वात. त्यांच्या शवात महिन्याची १५ तारीख. हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते, त्यातल्या ९ आणि ६ च्या अक्षरांचा मिळून 'तू' होतो. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात, म्हणून हा सण पौर्णिमेच्या आसपास येतो. २०२५ साली १२ फेब्रुवारीला सूर्यास्ताला तो सुरू झाला आणि त्याच दिवशी आपली माघी पौर्णिमा होती. मुळात हा हिशेबाचा दिवस. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं ना, तसं झाडांचं वर्ष या दिवशी बदलतं. कोणतं फळ कोणत्या वर्षाच्या उत्पन्नात धरायचं आणि त्यातला दानाचा वाटा कधीचा, हे त्यावरून ठरे. नव्या झाडाचं फळ पहिली तीन वर्षं खायचं नाही, असाही त्यांचा नियम आहे. त्या दिवशी झाडं लावण्याची रीत मात्र नवी. १८९० साली तिकडच्या एका शाळेतल्या शिक्षकाने मुलांना घेऊन झाडं लावली, तिथून ती पसरली.

आणि आपल्याकडच्या बेने इस्रायलांनी या दिवसाला स्वतःचं रूप दिलं आहे. त्यांच्यात हा एलियाहू हन्नबीचा उरूस. एलिया हा त्यांचा प्रेषित, तो रथातून स्वर्गात गेला असं मानतात. अलिबागजवळ खंडाळे गावात एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. नवस बोलायला आणि फेडायला लोक तिथे जातात. लग्न असो, नवं घर असो, मूल बरं झालेलं असो, त्याच्या नावाने मलिदा करायचा. हा मलिदा तुम्हाला जगात दुसऱ्या कुठल्या ज्यूंकडे मिळणार नाही. कारण तो पोह्यांचा आहे.

१२ तारखेच्या संध्याकाळी आम्ही सहाजणी आजींकडे गेलो. मोठ्या परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची-जायफळ, बदाम, पिस्ते, बेदाणे. पोह्यांचा ढीग मध्ये आणि भोवती फळं, केळी, सफरचंद, खजूर, डाळिंब, चिकू. वर गुलाबाच्या पाकळ्या. हिब्रूत प्रार्थना झाली, एलियाचं गाणं झालं, मग एकेका प्रकारच्या फळावर आशीर्वाद म्हणून ते खाल्लं. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. केळं कोणत्यात धरायचं यावर दोन काकांची थोडी चर्चा झाली. आजींनी सांगितलं, केळ हे झाड नव्हे, दरवर्षी खोड मरतं, म्हणून ते जमिनीचं. आमच्यातल्या वसईच्या ताई मान डोलवत होत्या, त्यांच्या वाडीत केळी आहेत.

हार आजींनी आधी घातला नाही. सगळ्यांसमोर रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं आणि डाळिंबाचा मणी चोळला. मी श्वास धरून उभी होते. त्यांनी रुमाल दिव्याजवळ नेऊन बघितला, उलटून बघितला, मग घडी घालून कमरेला खोचला आणि हार गळ्यात घातला. बाकीच्या ११ जणींनीही घातले. १२ हारांचे ३,६०० रुपये त्याच रात्री मिळाले. पुढे उरलेले ११ हार आम्ही एका प्रदर्शनात विकले, एकही परत आला नाही. दुरुस्तीचं सामान माझ्या पैशाचं होतं, त्यामुळे आलेली सगळी रक्कम सहाजणींची. ज्या बाईंनी रंग कोणी आणला असं विचारलं होतं, त्यांनीच हिशेब वहीत मांडला.

झाड लावायचं राहिलं होतं. आजींना त्याच दिवशी रोप लावायचं होतं, पण इथे माझा आणि त्यांचा वाद झाला. त्यांच्या मूळ देशात माघ म्हणजे पावसाळी थंडीचे दिवस, जमीन ओली. आपल्याकडे त्यानंतर चार महिने ऊन. माघात लावलेल्या रोपाला जूनपर्यंत कोण पाणी घालणार? लावताना फोटो काढायचा आणि शिमग्याला काडी उरायची, असे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले आहेत. शेवटी मध्यममार्ग निघाला. त्या दिवशी बिया टाकायच्या, पावसात रोपं लावायची.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन खाली तीन-चार भोकं पाडली. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. दादरच्या फुलबाजारातल्या सुकलेल्या फुलांचं खत मिळालं ते वापरलं. चिंचोके रात्रभर कोमट पाण्यात भिजवले. डाळिंबाचे दाणे चोळून गर पूर्ण काढला आणि सावलीत सुकवले, गर राहिला तर बी कुजतं. बी जितकं जाड तितकीच माती वर घालायची, जास्त नाही. ३० पिशव्या गॅलरीत ओळीने ठेवल्या. चिंच दोन आठवड्यांच्या आत वर आली, डाळिंबाला तीन आठवडे लागले. खजुराच्या बिया आजींनी हट्टाने लावल्या, त्यांना वेळ लागतो हे सांगूनही. तुम्ही विकायला डाळिंब लावणार असाल तर मात्र बियांचं लावू नका, फळ कसं निघेल याचा भरवसा नसतो. त्यासाठी गुटी कलमच आणा. परसात सावली आणि कौतुक म्हणून बियांचं चालतं.

३० मधल्या १९ पिशव्या जगल्या. एप्रिलमध्ये चाळीत पाण्याची ओढ होती, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी आळीपाळीने घातलं, त्याचंही वेळापत्रक वहीत आहे. २०२५ च्या जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर परळ आगारातून एसटी धरून आम्ही ती रोपं अलिबाग तालुक्यात आजींच्या भाचीच्या वाडीत नेली. तिथल्या महिला गटाच्या बायका खड्डे काढून तयार होत्या. चिंचा कुंपणाला लावल्या, मोठं झाड होणार म्हणून दूर दूर. डाळिंब विहिरीजवळ.

आजींनी प्रत्येक काठीला पत्र्याची चकती बांधली. तिच्यावर तारीख होती, १२ फेब्रुवारी. बी टाकलं तो दिवस. तीन वर्षं फळ तोडायचं नाही असं भाचीला बजावलं. आमच्या काकूंनी विचारलं, "आणि गळून पडलं तर?" आजी थोडा वेळ विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "विचारून सांगते." अजून त्यांनी सांगितलेलं नाही. मी दर आठवड्याला आठवण करते.